नंबर घातलेली भिंत

१२ जून

आजपासून मी गवंडीकाम शिकते आहे. सांता रीताच्या चर्चची दुरुस्ती निघाली आहे आणि ती करता करता बेटावरच्या पोरांना हातात कसब द्यायचं, असं ठरलंय. पोरांत मी एकटी बाई. आणखी एक आली होती, ती चुन्याचा हौद बघून दुपारीच घरी गेली.

आमचे मुख्य गवंडी पुलापलीकडच्या लुंबोचे आहेत. नाव शाले, पण सगळे त्यांना मेश्त्रे, म्हणजे उस्ताद, म्हणतात. ते म्हणाले, रोज शिकलेलं रोज लिहून काढा. वही आणली खरी, पण मी तेवढ्यावर थांबणार नाही, हे मला आत्ताच दिसतंय. माझी जीभ लांब आहे, असं नवरा म्हणायचा. तो नाकालाच्या बंदरात कामाला गेला तो गेलाच. जीभ मात्र माझ्याकडे राहिली.

परवानगी अबूदोमामाने दिली. आमच्यात बाप काही का बोलेना, शेवटचा शब्द आईच्या भावाचा. मशिदीबाहेर दोघांनी त्याला हटकलं, "काय रे, भाचीला चर्चमध्ये धाडतोस?" मामा म्हणाला, "भिंत पडते तेव्हा खाली कोण उभा आहे, ते विचारून पडत नाही." मला मात्र एवढंच म्हणाला, "जा. बोटं सांभाळ."

मामाकडून याहून जास्त मिळत नसतं. मी शाळेत पहिली आले होते तेव्हा त्याने विचारलं होतं, "बाकीच्यांना ताप आला होता का?" एकदा त्याच्या तोंडून "बरं केलंस" ऐकायचंय. बघू, चर्च पुरं होईपर्यंत जमतंय का.

२० जून

तळहातांची सालपटं निघाली आहेत. पेन धरवत नाही.

सकाळी माझ्याबरोबर शिकणारा नासिर म्हणाला, "ए बाई, दगड सपाट कर म्हटलंय, भाकरी थापायला नाही सांगितलं." मी म्हटलं, "तुझी भाकरी अजून तुझी आई थापते, म्हणून तुला दोन्हींतलं काही येत नाही." मेश्त्रे हसले नाहीत, पण त्यांची मिशी हलली.

आज त्यांनी दगड ऐकायला शिकवलं. आमचा दगड समुद्रातला, प्रवाळाचा. वरून सगळे सारखेच दिसतात. आतून कुणाला पोखरलंय, ते डोळ्यांना कळत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकायचं. चांगला दगड खणखणीत बोलतो, कुजका बद्द वाजतो. भिंतीतले दगड एकेक करून वाजवले. नासिर निम्म्यांना चुकला. माझा एकही चुकला नाही. "कान आहे तुला," मेश्त्रे म्हणाले.

मग काय! घरी येताना रस्त्यातली एक भिंत सोडली नाही. टपालकचेरी, बेकरी, जुनी जकातकचेरी, सगळी ठोकत आले. बेकरीवाला बाहेर येऊन बघून गेला. दारात आईने माझं चुन्याने माखलेलं तोंड पाहिलं नि म्हणाली, "बायका तोंडाला मुसिरोचा लेप लावतात उजळायला. तू अख्खी भिंतच लावून आलीस."

९ जुलै

आजचा धडा मला फार आवडला.

चर्चच्या उत्तरेची टेकूची भिंत बाहेर झुकली आहे. कुणीतरी मागे तिच्यावर सिमेंट थापलं होतं, त्याखाली ती आतल्या आत घामेजून कुजली. ती उतरवून पुन्हा बांधायची. पण उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर कोळशाने नंबर घालायचा. चांगला असो, कुजका असो, एकही सोडायचा नाही. "नंबर घातला म्हणजे दगडाला वचन दिलं," मेश्त्रे म्हणाले. "जिथून काढला तिथेच परत बसवायचा. कुजका निघाला तर त्याच्या मापाचा नवा, पण जागा त्याचीच."

मी दिवसभर नंबर घालत होते. दगडांचं आपल्यापेक्षा बरं आहे. त्यांनी परत कुठे जायचं ते लिहून ठेवतात.

पण कुजके निघाले फारच. नवे आणायचे कुठून? समुद्रातला प्रवाळ तोडायला आता बंदी आहे. पूर्वी तो आमच्या वस्तीच्या जमिनीतून काढत. दगडी गावातली सगळी घरं, गोदामं, चर्चं आमच्या खालून निघाली आहेत. म्हणून तर आम्ही झावळ्यांच्या छपरांखाली खड्ड्यात राहतो आणि पाऊस पडला की वरच्या गावाचं पाणी आमच्या चुलीत येतं. मामा म्हणतो, "आपल्या आजोबांनी दुसऱ्यांची घरं इतकी उंच बांधली की आपलं खाली गेलं."

२४ जुलै

आज मी मामासाठी एक मोठं काम करून आले. अजून त्याला सांगितलेलं नाही.

इंजिनिअर व्हितोरीनोसाहेब राजधानीहून, मापुतोहून आले होते. बूट इतके स्वच्छ की परांचीवर चढताना त्यांनाच त्यांची काळजी वाटत होती. त्यांनी आम्हा सगळ्यांना विचारलं, "गावात पडीक घरं आहेत, त्यांत चांगला दगड कुठे आहे, कुणाला ठाऊक आहे?" मी हात वर केला.

अबूदोमामा राहतो ते घर. पोर्तुगीज मालक स्वातंत्र्यानंतर लिस्बनला निघून गेले आणि राखणीला मामाला ठेवून गेले. पगार कधीच बंद झाला, राखण चालूच आहे. आजी त्या घरात स्वयंपाकीण होती. आई तिथल्या स्वयंपाकघरात जन्मली. आता दिवाणखान्याला छप्पर नाही, तिथे मामाच्या बकऱ्या असतात. वरच्या भिंतीतून उंबर फुटलाय. छप्पर शिल्लक आहे ते फक्त स्वयंपाकघराला, मामा तिथे झोपतो. पण काय दगड आहेत! कोपऱ्याचा एकेक दगड वाजवला की अंगावर काटा येतो.

मी साहेबांना घेऊन गेले. मामा मासळीबाजारात होता. मी ठोकत गेले, साहेब ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "किती सुंदर घर. नुसतं वाया चाललंय. याचं काहीतरी करायलाच हवं. मालकाशी बोलतो मी."

म्हणजे चर्चनंतर हेच घर दुरुस्तीला घेणार! मामाला नीट छप्पर मिळेल, कदाचित राखणदाराचा पगारही पुन्हा सुरू होईल. आणि हे सगळं माझ्या कानामुळे. आता बघू मामा कसा "बरं केलंस" म्हणत नाही ते.

६ ऑगस्ट

मालकाच्या नातवाने लिस्बनहून होकार दिला. मला मामाच्या घरी नंबर घालायला पाठवलं. मेश्त्रेंना म्हटलं, तुम्हीपण चला, तर म्हणाले, गुडघा दुखतोय.

मामा दारात उभा राहून बघत होता. मी सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "घर बांधून देणार? मला? कशासाठी?"

"तुला नाही रे, घराला. जुनं घर आहे, किंमत आहे त्याची."

"इतकी वर्षं नव्हती ती."

"कुणी वाजवून बघितलं नव्हतं म्हणून."

"आणि उचलून घेऊन गेले तर?"

मला हसू आलं. "मामा, न्यायचंच असतं तर नंबर कशाला घातले असते? नंबर परत बसवायला घालतात. मी शिकलेय ना!"

त्याने आतून स्टूल आणलं. त्याचा एक पाय आखूड आहे, म्हणून वरच्या ओळीला नंबर घालेपर्यंत मामा ते दोन्ही हातांनी धरून उभा होता. "सातवर जोर दे, पुसट आलाय," असं खालून सांगतही होता. स्वयंपाकघरात दिव्याचा कोनाडा आहे. त्याच्या तळाचा दगड आजीच्या दिव्यापासून काळा झालाय. त्याला एकोणीस नंबर आला. मामाने विचारलं, "हा तरी नीट परत बसेल ना?" मी म्हटलं, "त्याला मी स्वतः बसवीन." मग आम्ही नारळाच्या दुधातली मतापाची पालेभाजी खाल्ली. मामाने स्वतः रांधली होती.

एक गोष्ट मात्र वेगळी होती. इथे फक्त चांगल्या दगडांना नंबर घालायला सांगितलंय, कुजक्यांना नको. नवी पद्धत असेल.

१५ ऑगस्ट

मेश्त्रेंनी विचारलं, "तुझा मामा अजून तिथेच झोपतो का?" मी हो म्हटलं. "त्याला लवकर हलव." मी म्हटलं, धूळ होईल म्हणून ना? ते चुना ढवळायला गेले. नक्की गुडघा दुखत असणार. हल्ली धड बोलतच नाहीत.

नासिर वेगळाच. जेवताना म्हणाला, "तुला कळत नाही, का कळून घ्यायचं नाही?" मी विचारलं, काय? "काही नाही, जेव." जळतोय. साहेबांनी माहितीफलकासाठी माझा एकटीचा फोटो काढला ना, हातोडी धरलेला.

२२ ऑगस्ट

मामा आमच्याकडे राहायला आला. दोन बकऱ्या, चटई, कंदील आणि ते लंगडं स्टूल. आई म्हणाली, "भावाला जागा आहे. बकऱ्यांना माझ्या उशाशी जागा नाही." बकऱ्या उशाशीच आहेत.

मामा रोज विचारतो, "कधी सुरू करणार बांधायला?" मी म्हणते, आधी उतरवतात, मग बांधतात.

२७ ऑगस्ट

लिहायचं नव्हतं. पण मनात ठेवलं तर फुटेन.

सकाळी चर्चच्या फाटकातून हातगाडी आत आली. वरच्या दगडावर माझ्या हातचा सात होता. जोर देऊन काढलेला.

मी गाडीवाल्याला म्हटलं, "चुकलास तू. हे त्या घराचे." तो म्हणाला, "त्या घराचेच आहेत, इथे टाकायला सांगितलंय." मागून दुसरी गाडी आली, मग तिसरी. नासिर गाडी रिकामी करायला पुढे झाला आणि माझ्याकडे न बघता दगड उतरवायला लागला.

साहेब परांचीखाली होते. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अन्शिया, ते घर पडणारच होतं. दगड तरी वाचले. आणि मी कधी म्हटलं परत बांधू म्हणून?"

मी आठवून पाहिलं. खरंच म्हटलं नव्हतं. याचं काहीतरी करायला हवं, एवढंच म्हटलं होतं. बाकीचं सगळं माझं.

"मग नंबर कशाला घालायला लावलेत?"

"कोणते आणायचे ते मजुरांना कळावं म्हणून."

मेश्त्रेंवर तर मी धावूनच गेले. नंबर म्हणजे वचन, असं कोण म्हणालं होतं? ते म्हणाले, "मी तीनदा तोंड उघडलं पोरी, आणि तुझा चेहरा बघून मिटलं. इतकी खूश होतीस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. असू दे. असल्या पाण्यात चुनासुद्धा विरत नाही.

२८ ऑगस्ट

मामाला मी सांगितलं. दुसरं कुणी सांगण्याआधी सांगायला हवं होतं म्हणून.

आईने कपाळावर हात मारला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय!" ती बोलत राहिली. आजीचं नाव घेऊन बोलली, माझ्या गेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन बोलली. मला बरं वाटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

मामाने एवढंच विचारलं, "एकोणीसपण नेला?"

"हो."

"भिंतीत चांगला होता तो," मामा म्हणाला आणि बकऱ्यांना बांधायला गेला.

१३ सप्टेंबर

कामावर गेले नाही. बरेच दिवस झाले. चटईवर पडून छपराच्या झावळ्या बघते. आई जेवायला वाढते, पण हाक मारत नाही.

आज मामा शेजारी येऊन बसला. "नासिर आला होता. म्हणतो, दगड अंगणात पडलेत. घडवायला घेतोय. परवा त्याने दोन फोडले."

"फोडू दे."

"तुला कान आहे म्हणतात. त्याला नाही म्हणतात."

मी कूस बदलली.

"अन्शिया, जायचे ते गेले. आता ते कुणाच्या हातात पडतात एवढंच उरलंय. तू जा. एकोणीसला तू स्वतः बसवीन म्हणाली होतीस." तो उठला. "कुठे ते नव्हतं ठरलं."

मामाने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

११ ऑक्टोबर

पुन्हा कामावर जाते आहे. काम करते, कुणाशी बोलत नाही. मेश्त्रे सकाळी माझ्यासाठी धार लावलेली छिन्नी ठेवतात, मी ती घेते. नासिर थट्टा करत नाही, त्याचाही राग येतो.

आज एकोणीस घडवला. साहेबांनी सांगितलं होतं, काजळी पुरती काढ, दर्शनी बाजू पांढरी दिसली पाहिजे. मी छिन्नी लावली. काजळी दगडात पार आत मुरली होती. आजीने तिथे किती वर्षं दिवा लावला असेल! काढत गेले, काढत गेले, आणि मग उरलेला काळा भाग आतल्या बाजूला वळवून दगड बसवला. वरून चुना भरला. उत्तरेच्या टेकूत, कमरेच्या उंचीवर. बाहेरून पांढराशुभ्र आहे. आत काय आहे ते मला माहीत आहे.

सांधा इतका बारीक आला की मेश्त्रेंनी बोट फिरवून पाहिलं. पूर्वी मी यासाठी आठवडाभर गावभर मिरवले असते.

२३ नोव्हेंबर

चर्च उघडलं. बिशप आले, गव्हर्नर आले, ढोल वाजले. भाषणात कुणीतरी म्हणालं की या दगडांना नवं आयुष्य मिळालं. फाटकापाशी मोठा फलक आहे, त्यावर मी हातोडी धरून हसते आहे. ते हसू सात नंबरची हातगाडी यायच्या आधीचं आहे. आम्हाला प्रमाणपत्रं दिली. टाळ्या माझ्यासाठी जास्त वाजल्या, एकटी बाई म्हणून.

गर्दी पांगल्यावर फाटकाशी मामा दिसला. पांढरा पायघोळ कांझू, टोपी, जुम्म्याला घालतो तसा. आत ये म्हटलं तर नको म्हणाला. बाहेरूनच भिंतीच्या कडेने चालत उत्तरेला आला.

"कुठले?"

मी दाखवले. कोपऱ्यातला सात, त्यावर अकरा, मामाच्या दाराच्या चौकटीचे दोन दगड. नंबर आता कुठेच दिसत नाहीत, चुन्यात गेले. मामाने प्रत्येकावर तळवा ठेवला, ओळखीच्या गुराच्या पाठीवर ठेवतात तसा.

"आणि एकोणीस?"

मी त्याचा हात धरून त्या दगडावर ठेवला. मामा वाकला, बोटाचं पेर मुडपून त्याने ठोकलं. खणखणीत वाजला.

"आपल्याकडे थोडा तिरका होता," तो म्हणाला. "इथे सरळ बसलाय. बरं केलंस."

मग तो गेला. बकऱ्यांना पाणी पाजायचं होतं. मी भिंतीला तोंड लावून रडले. शेवटी बोलला तर नेमकं हे बोलला, आणि मनापासून बोलला. हे शब्द मी जन्मभर मागितले होते. आता ते परत कुणाला देता येत नाहीत.

१९ डिसेंबर

पावसाने वस्ती भरली. वरच्या गावाचं पाणी रात्रीत उंबऱ्याच्या आत आलं. मामा बकऱ्या कडेवर घेऊन खाटेवर बसला होता. आई भांड्याने पाणी उपसत म्हणाली, "त्या स्वयंपाकघरात कधी थेंब आला नव्हता." म्हणून झाल्यावर तिने जीभ चावली. मामा म्हणाला, "उंबराजवळ गळायचं थोडं." गळत नव्हतं. मला माहीत आहे.

दुपारी व्हितोरीनोसाहेबांचा माणूस आला. आता जुनं इस्पितळ दुरुस्तीला घेतलंय. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी एकालाच कायमची नोकरी आहे, आणि ती मला आहे. गावातली पडीक घरं फिरायची, दगड वाजवायचे, नंबर घालायचे. "तुझ्यासारखा कान कुणाला नाही," असा निरोप.

मी नाही म्हणाले. मग आईकडे पाहिलं, ती अजून पाणी उपसत होती. तो माणूस म्हणाला, नासिरला विचारतो मग. मी म्हटलं, थांब.

२२ डिसेंबर

पहिलं घर बंदराकडचं. अर्धं पडलेलं. उरलेल्या अर्ध्यात मारियामो नावाची म्हातारी राहते, नात, सून सगळ्या नाम्पुला शहरात, ही एकटीच. मला बघून तिला कोण आनंद झाला. फलकावरची मुलगी ना तू, म्हणाली. चहा केला, वर तळलेला केळ्याचा तुकडा दिला.

मी ठरवून गेले होते. माझ्यावर कुणी तोंड मिटून उपकार केले, तसे मी करणार नव्हते. चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ सांगितलं. आजी, हे घर बांधून देणार नाहीत. चांगले दगड काढून इस्पितळाला नेणार आहेत. आत्तापासून दुसरी जागा बघा. माझ्या मामाचं असंच झालं.

तिने सगळं ऐकलं. माझ्या हातातला कोळसा बघितला आणि दात नसलेल्या तोंडाने हसली. "काहीतरीच बोलतेस पोरी. चर्चची भिंत नंबर घालूनच परत बांधली ना? न्यायचंच असतं तर नंबर कशाला घातले असते?"

मी पुन्हा सांगितलं. ती पुन्हा हसली. तुम्ही शिकलेली माणसं फार घाबरवता, म्हणाली. मग तिला एकदम आठवलं, आणि ती आतून लाकडी पेटी घेऊन आली. वरची ओळ उंच आहे, तुझा हात पुरायचा नाही, म्हणाली.

पेटी डगमगत होती. तिने ती दोन्ही हातांनी धरली, आणि मी वर चढून एकपासून सुरुवात केली.